पत्र्याच्या गॅरेजला आतून फोम बोर्डचे अस्तर कसे लावावे

नागपूर, अकोला, चंद्रपूर किंवा जळगावच्या भागात मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ अंशांच्या आसपास असतो आणि भर दुपारी उन्हात तापलेला पत्रा सहज ६५ ते ७० अंशांपर्यंत पोहोचतो. अशा पत्र्याखाली नुसती गाडी उभी करायची असेल तर एक वेळ चालून जाते. पण त्याच जागेत कोणी दुचाकी दुरुस्तीचे, सुतारकामाचे किंवा शिलाईचे काम करत असेल, तर दुपारी बारा ते पाच या वेळेत तिथे थांबणे अशक्य होऊन बसते. तिथली हवा गरम असते हे खरे, परंतु खरा त्रास होतो तो तापलेल्या पत्र्यातून खाली येणाऱ्या उष्ण किरणांचा. डोके, मान आणि खांदे भाजून निघतात ते त्यामुळेच, आणि फोम बोर्डचे अस्तर नेमका हाच त्रास कमी करते.

अपेक्षा मात्र सुरुवातीलाच नीट ठरवून घ्यावी. अस्तर लावल्याने गॅरेज बाहेरच्या हवेपेक्षा थंड होत नाही. बाहेर ४४ अंश असतील आणि शटर उघडे असेल, तर आतही जवळपास तेवढेच राहणार. फरक पडतो तो असा की छताची खालची बाजू पत्र्याइतकी न तापता आतल्या हवेच्या तापमानाच्या जवळ राहते, त्यामुळे पंख्याचा वारा अंगाला लागतो आणि कूलर लावला तर त्याचा उपयोग होतो. हा लेख पत्र्याच्या छतापुरता आहे. काँक्रीटच्या स्लॅबला उष्णतारोधन करायचे झाल्यास ते स्लॅबच्या वरून, जलरोधक थर आणि कोबा यांच्यासह करणे अधिक चांगले, आणि ते काम पूर्णपणे वेगळे आहे.

फोम आणण्यापूर्वी

अस्तर लागल्यानंतर पत्र्याची आतली बाजू पुन्हा दिसणार नाही, म्हणून पत्र्याचे सगळे काम आधी संपवावे. दिवसा गॅरेजचे दार बंद करून आत अंधार केला, की पत्र्याची छिद्रे उजेडाच्या ठिपक्यांसारखी स्पष्ट दिसतात. त्या प्रत्येक ठिकाणी खालून खडूने खूण करावी. बहुतेक गळती पत्र्याला भोक पडल्यामुळे होत नाही. जे-हुकाचा किंवा स्क्रूचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो आणि तिथून पाणी शिरते, त्यामुळे जुने वॉशर सरसकट बदलून टाकणे श्रेयस्कर. त्यानंतर पाइपाने छतावर पाणी सोडून खात्री करून घ्यावी. आडव्या पाइपांना, म्हणजे पर्लिनना, गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशने तो घासून काढावा आणि रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

वेल्डिंगचे जे काही काम असेल, मग ते तुटलेली कैची (छत पेलणारी त्रिकोणी चौकट) जोडणे असो किंवा पंख्यासाठी हुक लावणे असो, ते याच टप्प्यावर उरकून घ्यावे. फोम लागल्यानंतर त्या छताच्या जवळपास वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवू नये. ठिणगी फोमच्या मागच्या पोकळीत शिरली तर ती कोणाला दिसत नाही, आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

छत जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल तर जास्त सावध राहावे लागते. त्या पत्र्यांत सहसा अॅस्बेस्टॉस असते. ते कापल्याने, घासल्याने किंवा त्यात भोक पाडल्याने बारीक तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन कायमचे बसतात. अशा पत्र्याला ड्रिल लावू नये, तारेचा ब्रश लावू नये, आणि त्यावर पाय तर मुळीच ठेवू नये, कारण तो अचानक तुटून माणूस खाली पडतो. पुढे सांगितलेल्या पद्धतीत सगळे स्क्रू लोखंडी पर्लिनमध्येच जातात, पत्र्यात नाही, त्यामुळे पत्र्याला हात न लावताही हे काम करता येते.

आणखी एक स्वस्त उपाय याच वेळी करून घ्यावा, तो म्हणजे पत्र्याच्या वरच्या बाजूला पांढरा उष्णतापरावर्तक रंग. ऊन पत्र्यात शिरण्यापूर्वीच परतवणे हे नंतर त्याला अडवण्यापेक्षा सोपे असते. हात आखडता असेल तर या वर्षी फक्त रंग द्यावा आणि फोमचे काम पुढच्या वर्षी करावे, असेच माझे मत आहे.

कोणता बोर्ड घ्यावा

बाजारात तीन प्रकारचे ताठ बोर्ड मिळतात. पहिला म्हणजे ईपीएस, ज्याला आपण सगळे थर्माकोल म्हणतो. तो सर्वांत स्वस्त आणि कोणत्याही शहरात मिळणारा आहे, परंतु पॅकिंगमध्ये येणारा भुसभुशीत थर्माकोल इथे चालत नाही. इमारतीसाठीचा, घनमीटरला किमान २० किलो घनतेचा आणि आगरोधक प्रतीचाच मागावा. भारतीय मानक आयएस ४६७१ हे याच मालासाठी आहे आणि दुकानदाराला त्याचा उल्लेख करून विचारता येते. दुसरा एक्सपीएस, जो बहुधा निळा, गुलाबी किंवा हिरवा असतो. त्याच्या पेशी बंद असल्याने तो पाणी जवळजवळ शोषत नाही, कापल्यावर दाणे सुटत नाहीत आणि हाताळताना सहसा तुटत नाही. तिसरा पीआयआर किंवा पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन जातीचा फोम, पिवळसर रंगाचा, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचा पापुद्रा लावलेला. त्याचे मानक आयएस १२४३६. तो महाग असतो, पण कमी जाडीत जास्त उष्णता अडवतो. ईपीएस आणि एक्सपीएस हे दोन्ही पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात; पीआयआर त्यापेक्षा बराच जास्त ताप सोसतो आणि आगीत वितळून ठिबकण्याऐवजी त्याच्यावर कोळशासारखा थर धरतो.

उष्णतावहनाच्या आकड्यांत सांगायचे तर ईपीएस सुमारे ०.०३६, एक्सपीएस सुमारे ०.०३२ आणि पीआयआर सुमारे ०.०२३ वॅट प्रति मीटर केल्व्हिन इतका असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की ४० मिलिमीटर पीआयआर जेवढे काम करतो, तेवढ्यासाठी एक्सपीएस साधारण ५५ मिलिमीटर आणि थर्माकोल ६० मिलिमीटरहून थोडा अधिक लागतो.

किती जाडी पुरेशी होते याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. छताच्या दर चौरस मीटरमधून, दोन्हीकडच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे, किती वॅट उष्णता पार होते या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. उघड्या पत्र्याचे यू-मूल्य ५ च्या आसपास येते. त्याखाली २५ मिलिमीटर एक्सपीएस लावला की ते सुमारे १ होते, आणि ५० मिलिमीटर लावला की ०.६ च्या जवळ येते. राहत्या घरांसाठीच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. गॅरेजला ती संहिता लागू होत नाही, पण मोजपट्टी म्हणून तिचा चांगला उपयोग होतो. पहिल्या २५ मिलिमीटरचा फायदा सर्वांत मोठा असतो आणि पुढच्या प्रत्येक २५ चा आधीपेक्षा कमी, हेही या आकड्यांवरून दिसते. त्यामुळे विदर्भ-खानदेशात जिथे दिवसभर काम चालते तिथे ५० मिलिमीटर घ्यावा, नुसती गाडी ठेवायची असेल तर २५ पुरतो, आणि ७५ किंवा १०० मिलिमीटरवर साध्या गॅरेजमध्ये पैसे घालू नयेत. ते पैसे फोमच्या खालून लावायच्या सिमेंट बोर्डाच्या आवरणाला वापरावेत.

नवख्या माणसाने एक्सपीएस निवडावा असे मला वाटते. थर्माकोलपेक्षा खर्च थोडा वाढतो, पण काम स्वच्छ होते आणि सांधे घट्ट बसतात. शक्य असल्यास ५० मिलिमीटरचा एक जाड बोर्ड न घेता २५ चे दोन थर घ्यावेत, म्हणजे एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या बोर्डाखाली झाकला जातो.

मोजमाप आणि सामान

उदाहरणादाखल १० बाय २० फुटांचे, साध्या उताराचे गॅरेज धरू. क्षेत्रफळ २०० चौरस फूट, म्हणजे साधारण १८.६ चौरस मीटर. एक्सपीएसचा एक बोर्ड बहुधा १२५० बाय ६०० मिलिमीटरचा, म्हणजे ०.७५ चौरस मीटरचा येतो. म्हणून एका थराला २५ बोर्ड, आणि कापण्यात वाया जाणारे धरून २८. दोन थरांना ५६. लांबी-रुंदी जमिनीवरून न मोजता छताच्या उतारावरूनच मोजावी.

याशिवाय फॉल्स सिलिंगला वापरतात ते जीआय सिलिंग सेक्शन (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या लांब पट्ट्या), ७५ मिलिमीटर लांबीचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, त्यांच्यासाठी मोठे सपाट वॉशर, ७२ मिलिमीटर रुंदीची अॅल्युमिनियम टेप, अॅल्युमिनियम फॉइलचा रोल, फटींत फवारल्यावर फुगणाऱ्या पीयू फोमचे दोन-तीन डबे, बारीक गॅल्व्हनाइज्ड जाळी, आणि आवरणासाठी ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीचे ८ बाय ४ फुटी सिमेंट फायबर बोर्ड लागतात. हत्यारांत धारदार कटर, लांब पोलादी पट्टी, ड्रिल मशीन, दोन मजबूत घोड्या आणि त्यांवर टाकायला फळी. शिडीवर उभे राहून डोक्यावर बोर्ड धरण्याचा प्रयत्न करू नये. दोन घोड्यांवर फळी टाकून दोघांनी मिळून काम करावे. गॉगल, मास्क आणि हातमोजे हवेतच.

वजनाचा विचार आवर्जून करावा. फोमचे दोन्ही थर मिळून ३० किलोच्या आसपास भरतात, परंतु ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड या क्षेत्रफळाला २०० किलोच्या घरात जातो. पर्लिन चार-साडेचार फुटांच्या अंतरावर असलेले चांगल्या गेजचे चौकोनी पाइप असतील तर सहसा अडचण येत नाही. तरीही जुन्या, बारीक एंगलवर उभ्या असलेल्या शेडसाठी फॅब्रिकेटरला बोलावून एकदा विचारून घ्यावे, आणि तो नको म्हणाला तर त्याचे ऐकावे.

हवेची जागा आणि बोर्ड बसवणे

बोर्ड पत्र्याला चिकटवू नये. याची कारणे दोन आहेत. पॉलिस्टायरीन ८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि गडद रंगाचा पत्रा मे महिन्यात त्या आकड्याच्या फारसा मागे नसतो, हे पहिले. दुसरे असे की पावसाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो, मग दमट हवेतले पाणी त्याच्या खालच्या अंगाला घामासारखे जमते, आणि ते वाळायला वाट मिळाली नाही तर पत्रा आतून गंजतो. कोकणात हा प्रश्न उन्हाइतकाच मोठा आहे. म्हणून बोर्ड पर्लिनच्या खालच्या अंगाला लावावेत. पर्लिनच्या उंचीइतकी, म्हणजे ५० ते ७५ मिलिमीटरची पोकळी आपोआप मिळते आणि पर्लिनचे तापलेले लोखंडही अस्तराच्या मागे झाकले जाते. पोकळीतली गरम हवा पत्र्याच्या पन्हळींतून पर्लिनच्या वरून सरकत आढ्याकडे जाते, त्यामुळे वळचणीपाशी आणि आढ्यापाशी पन्हळींची तोंडे सिमेंटने बुजवू नयेत. तिथे बारीक जाळी घट्ट बसवावी, म्हणजे हवा खेळेल आणि उंदीर शिरणार नाहीत. उंदरांना फोम कुरतडून घर करायला फार आवडते; जाळी राहून गेली तर पुढच्या पावसाळ्यात त्याचा प्रत्यय येतो.

बोर्ड कापताना पट्टी धरून कटरने अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्यावी आणि टेबलाच्या कडेवर तो मोडावा; कड सरळ येते. पहिल्या थराची सुरुवात एका कोपऱ्यातून करावी, बोर्डाची लांब बाजू पर्लिनला काटकोनात ठेवावी आणि बोर्डाची टोके पर्लिनवरच येतील अशी लांबी कापावी. पर्लिन चार फुटांवर, म्हणजे सुमारे १२२० मिलिमीटरवर असतील तर प्रत्येक बोर्डातून जेमतेम ३० मिलिमीटरची पट्टी निघते. प्रत्येक टोकाला एक-दोन स्क्रू मोठ्या वॉशरसह लावावेत. हा आधार तात्पुरता असल्याने एवढे पुरे होतात. दुसरा थर अर्धा बोर्ड सरकवून सुरू करावा, जेणेकरून खालचा-वरचा एकही सांधा एका रेषेत येणार नाही.

स्क्रूच्या लांबीबाबत एक गोष्ट नीट पाहावी. फोम ५० मिलिमीटर, पाइपाची भिंत २ मिलिमीटर, आणि उरलेले टोक पोकळ पाइपाच्या आत राहते, म्हणून ७५ मिलिमीटरचा स्क्रू चौकोनी पाइपाला योग्य ठरतो. पर्लिन एंगलचे असेल आणि त्याची आडवी बाजू वर, पत्र्याला टेकलेली असेल, तर मात्र तेच टोक थेट पत्र्यात घुसू शकते. अशा वेळी एका ठिकाणी मोजून स्क्रूची लांबी ठरवावी किंवा एंगलच्या खाली चौकोनी पाइप बांधून घ्यावा. एका भोकातून होणारी गळती फोमच्या वरून वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात ठिबकते आणि तिचा उगम शोधणे फार कठीण जाते.

चिकटपदार्थ वापरायचाच असेल तर डब्यावर फोमसाठी योग्य असल्याचा उल्लेख पाहूनच घ्यावा. प्लायवूडवर सनमायका चिकटवायला वापरतात ते तीव्र वासाचे रबरी चिकटद्रव्य पॉलिस्टायरीनला काही सेकंदांत विरघळवते. पेट्रोल आणि थिनरही तेच करतात, म्हणून उरलेले बोर्ड पेट्रोलच्या कॅनजवळ ठेवू नयेत. उन्हातही ठेवू नयेत, कारण काही आठवड्यांत त्यांचा पृष्ठभाग पिवळा पडून पावडरसारखा सुटू लागतो.

सांधे आणि चकाकणारी बाजू

या कामात सर्वाधिक वेळ सांध्यांना द्यावा, कारण मजूर सर्वाधिक घाई तिथेच करतात. बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तर पोकळीतली तापलेली हवा तिथून आत येते आणि उरलेल्या छताच्या कामावर पाणी पडते. भिंतीलगत जाणूनबुजून १० मिलिमीटर फट ठेवून ती पीयू फोमने भरणे, हे बोर्ड ओढूनताणून बसवण्यापेक्षा चांगले. पीयू फोम ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून फवारण्यापूर्वी फट पाण्याने किंचित ओली करावी, ती अर्धीच भरावी, आणि फुगून कडक झाल्यावर बाहेर आलेला भाग कटरने कापून टाकावा. डब्यातला वायू ज्वलनशील असतो. त्या वेळी दार उघडे ठेवावे आणि जवळ बिडी, शेगडी, वेल्डिंग काही नसावे.

त्यानंतर एक्सपीएसच्या खालच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइलचा थर लावून प्रत्येक जोड टेपने बंद करावा. पीआयआरला फॉइल आधीच असते, तिथे फक्त टेप पुरते. टेप लावण्याआधी जागा कोरड्या फडक्याने पुसावी, टेप सांध्याच्या मधोमध बसवावी आणि प्लास्टिकच्या पट्टीने दाबून घासावी. धुळीवर लावलेली टेप पहिल्याच उन्हाळ्यात लोंबू लागते. फॉइलची चकाकणारी बाजू खाली, मोकळ्या हवेकडे असावी. तिच्यासमोर हवेची जागा असेल तरच ती उष्ण किरण रोखते, दुसऱ्या एखाद्या थराला चिकटून असेल तर तिचा हा गुण उपयोगी पडत नाही. वर तोंड करून लावलेल्या फॉइलवर धूळ साचते आणि ती निस्तेज होते, खालची बाजू मात्र वर्षानुवर्षे स्वच्छ राहते.

आवरण टाळू नये

उघडा फोम दिसायला वाईट नसतो, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. गॅरेजमध्ये तरी तसे कधीही करू नये. पॉलिस्टायरीन पेटल्यावर वितळून जळते थेंब खाली पडतात आणि त्याचा दाट काळा धूर काही क्षणांत खोली भरून टाकतो; खाली गाडी आणि पेट्रोल असताना तो धोका पत्करण्यासारखा नाही. आगरोधक प्रतीचा माल म्हणजे न जळणारा माल नव्हे, तो फक्त पेट घ्यायला उशीर करतो.

म्हणून फॉइलच्या खालून, पर्लिनला काटकोनात, दर दोन फुटांवर सिलिंग सेक्शन ठेवून ते फोममधून थेट पर्लिनमध्ये ७५ मिलिमीटरच्या स्क्रूने कसावेत. यामुळे फोम कायमचा अडकतो आणि फॉइलच्या खाली हवेची लहानशी जागाही मिळते. त्या सेक्शनवर सिमेंट बोर्ड स्क्रूने मारावेत, दोन बोर्डांमध्ये ३ मिलिमीटरची फट ठेवून ती लवचिक सीलंटने भरावी. जिप्सम बोर्डही आगीला चांगला तोंड देतो, परंतु शटर उघडे राहणाऱ्या आणि पावसाळी हवा आत येणाऱ्या जागेत तो फुगतो. तो फक्त बंदिस्त, कोरड्या खोलीत वापरावा. समोरून पूर्ण उघड्या असलेल्या शेडमध्ये वादळी वारा आत शिरून छताला खालून वर ढकलतो आणि मागोमाग खाली ओढतो, तेव्हा कडेच्या दोन ओळींत स्क्रूचे अंतर निम्मे करावे.

विजेच्या तारा फोमला चिकटून जाऊ देऊ नयेत. पीव्हीसी आवरणातला मऊपणा देणारा घटक पॉलिस्टायरीनमध्ये शोषला जातो आणि वायरचे आवरण कडक होऊन तडकते. शिवाय फोमने वेढलेली वायर आपली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. सगळ्या वायर कंड्युटमधून, शक्यतो आवरणाच्या खालून न्याव्यात. पंखा फोमवर किंवा सिमेंट बोर्डावर न टांगता कैचीला आधी लावलेल्या हुकावरच टांगावा.

गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर आणखी एक काम अत्यावश्यक आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास वर चढतो. उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये तो पन्हळींच्या फटींतून निघून जात असे, पण आता अस्तरामुळे त्या फटींपर्यंत जाण्याची त्याची वाट बंद झाली आहे. त्यामुळे समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत, नव्या छताच्या लगेच खाली, किमान एकेक जाळीची झडप ठेवावी आणि ती कधीही बुजवू नये. बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजनही याच वाटेने जातो. एलपीजीची गाडी असेल तर तो वायू जमिनीलगत साचतो, म्हणून तशीच एक झडप खालीही लागते.

काम तपासणे

फेब्रुवारी-मार्च हा या कामाला सोयीचा काळ आहे; पत्रा कोरडा असतो आणि सकाळी दहापर्यंत घोडीवर उभे राहणे सुसह्य असते. काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा दुपारी अडीचच्या सुमारास छताच्या खालच्या बाजूचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेऊन लिहून ठेवावे. हे यंत्र चकाकणाऱ्या फॉइलवर खोटे, कमी आकडे दाखवते. फॉइल उघडी असतानाच माप घ्यायचे असेल तर तिच्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. सिमेंट बोर्ड लागल्यावर सगळीकडे साधारण सारखेच तापमान यायला हवे. एखाद्या जागी ते पाच-सहा अंशांनी जास्त आले, तर त्या भागात सांधा सुटलेला आहे किंवा भिंतीलगतची फट भरायची राहिली आहे असे समजून तिथले आवरण काढून पाहावे.

पहिला मोठा पाऊस पडल्यावर छताखाली टॉर्च घेऊन एक फेरी मारावी आणि स्क्रूंच्या रांगांकडे पाहावे. स्क्रूच्या डोक्याभोवती तपकिरी डाग दिसला, तर त्याच्या वरच्या बाजूला, उताराच्या दिशेने चार-पाच फुटांपर्यंत पत्र्यावरचे वॉशर तपासून बदलावेत. कापून उरलेले तुकडे कचऱ्यात घालून पेटवू नयेत. ते पोत्यात भरून ठेवले तर दुरुस्तीला, किंवा शटरच्या वरच्या पेटीमागची मोकळी जागा भरायला कामी येतात, मात्र तिथेही त्यांच्यावर सिमेंट बोर्डाचा तुकडा बसवावा.